जपानशी तह, मुक्काम हॅम्बर्ग

२३ सप्टेंबर २००७, रविवार

पोचलो एकदाचा. रोहिणी विमानतळावर घ्यायला आली होती. वाळली आहे, पण चेहऱ्यावर तेज आहे. म्हटलं, इथलं पाणी मानवलं तुला. ती नुसती हसली. घर शहराच्या आल्टोना भागात, तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांचं आणि नीटनेटकं. बाहेर पाऊस चालू आहे. तो कधी सुरू झाला आणि कधी थांबणार, याची इथे कोणी चौकशीही करत नाही.

प्रभावती आली नाही. गुडघ्याचं कारण. तिकिटं काढायचं ठरेपर्यंत गुडघा ठणठणीत होता, काढायच्या दिवशी दुखायला लागला. "अहो, तुम्ही एकटेच जा. बापलेकीला जरा निवांत बोलता येईल," म्हणाली. माझ्या बॅगेत मात्र तिने खारे शंकरपाळे, शेंगदाण्याची चटणी आणि धपाट्यांचं पीठ असं ठासून भरलं, की माझे कपडे उपरे वाटावेत.

मी इथे येण्यामागे माझा म्हणून एक हेतू आहे. तो इथेच लिहितो, कारण रोहिणीला अजून सांगितलेला नाही. चंद्रशेखरचा मुलगा अनुप इथेच जर्मनीत, लुडविग्सहाफेनला केमिस्ट आहे. चंद्रशेखर माझा शाळेपासूनचा मित्र. मुलगा गुणी, घर आपल्यातलं. रोहिणीचा थिसिस संपू दे, मग बघू, असं म्हणता म्हणता तिशी आली. आता डिसेंबरात परत जाईन तो हे जमवूनच.

२६ सप्टेंबर

आज रोहिणीने तिच्या डॉक्टरेटचा विषय समजावून सांगितला. मला वाटलं होतं कंटाळा येईल, पण विषय निघाला थेट माझ्या खात्यातला. जकात! १८६० साली प्रशियाचा राजदूत जहाजं घेऊन जपानला गेला, व्यापाराचा तह करायला. बंदरं कोणती उघडायची, कोणत्या मालावर किती टक्के, असली सगळी बोलणी. आणि बोलायचं कसं, तर जपानी दुभाष्यांना डच येई, म्हणून जपानीतून डच आणि डचमधून जर्मन. महिनोन्महिने हे चाललं. शेवटी १८६१च्या जानेवारीत सही झाली, पण फक्त प्रशियापुरती. हॅम्बर्गसकट बाकीची जर्मन राज्यं बाहेरच राहिली. जपानी म्हणाले, एकाशी तह करतो म्हटलं तर तुम्ही मागून ही यादी काय काढता!

"लग्नासारखंच आहे ना बाबा," रोहिणी म्हणाली. "एकाला हो म्हणावं, तर मागे सगळं खानदान उभं."

मी म्हटलं, खानदान हवंच. तिने विषय बदलला आणि दुसरी गंमत सांगितली. तह व्हायच्या आधीच काही जर्मन व्यापारी नागासाकीत दुकान टाकून बसले होते. डचांच्या आश्रयाने, म्हणजे दुसऱ्याच्या निशाणाखाली.

"म्हणजे सरकार दारात परवानगी मागतंय आणि माल आधीच घरात?" मी विचारलं.

"गेनाऊ! अगदी तसंच," ती म्हणाली आणि उगाचच लाजली. अभ्यासाचं वेड म्हणतात ते हेच.

जन्म गेला माझा औरंगाबादच्या जकात नाक्यावर. लांबून येणारा ट्रक बघून सांगायचो, आत काय दडवलंय ते. माझ्या नाक्यावरून कुणी काही चोरून नेलं असतं, तर शपथ.

३० सप्टेंबर, रविवार

आज रोहिणीचा एक सहकारी आला होता. नाओकी मोरिता, जपानी. जुन्या वळणाची जपानी कागदपत्रं तिला वाचून देतो. तब्येतीने बेताचा, चष्मा, बोलण्याआधी दोनदा मान झुकवतो. जर्मन उत्तम, इंग्रजी माझ्यापेक्षाही कच्चं.

दारात बूट काढून त्याने पाहुण्यांसाठी ठेवलेल्या सपाता घातल्या. त्या त्याला अगदी मापाच्या बसल्या. मला पहिल्या दिवशी त्याच सपाता मोठ्या झाल्या होत्या. चहाच्या वेळी रोहिणी फोनवर होती, तर हा स्वतः उठला आणि बरोबर त्याच कपाटातून कप काढले ज्यात कप असतात. जपानी लोकांची निरीक्षणशक्ती जबरदस्त, हे ऐकून होतो, आज बघितलं.

जाताना त्याला स्टीलच्या डब्यात शंकरपाळे दिले. त्याने डबा दोन्ही हातांनी घेतला. मुलगा चांगल्या घरचा दिसतो.

६ ऑक्टोबर

मोरिता डबा परत द्यायला आला. घासून लख्ख केलेला आणि आत तांदळाच्या कुरकुरीत खारवड्या. वर कसलं तरी समुद्राचं पान चिकटवलेलं. चव बरी आहे. फोनवर प्रभावतीला सांगितलं तर ती म्हणाली, "बघा, त्यांच्यातही आपल्यासारखंच आहे. रिकामं भांडं परत करत नाहीत. किती छान ना?" एवढं खूश होण्यासारखं काय आहे, कळलं नाही.

खारवड्यांबरोबर त्याने आपला एक लाकडी डबाही दिला होता, त्यात लोणचं. आता तो परत करायला हवा. म्हणजे मलाही काहीतरी घालणं आलं.

१४ ऑक्टोबर, रविवार

धम्मचक्र दिन. सकाळी बुद्धांसमोर मेणबत्ती लावून वंदना म्हटली. मोरिता डबा घेऊन आलाच होता, तोही मागे हात जोडून उभा राहिला. मला फार बरं वाटलं. म्हटलं, तुम्ही तर जन्मापासूनचे बौद्ध! तो ओशाळला. रोहिणीमार्फत म्हणाला, "आमच्याकडे देवळात मुख्यतः कोणी वारलं की जातात." मग मी त्याला बावीस प्रतिज्ञा समजावून सांगितल्या, चांगल्या सविस्तर. रोहिणी भाषांतर करून दमली. तो मात्र एकदाही घड्याळाकडे न बघता ऐकत होता. शेवटी त्याने विचारलं, तुमच्या वडिलांनी दीक्षा घेतली तेव्हा तुम्ही किती वर्षांचे होता? हा प्रश्न मला माझ्या सख्ख्या पुतण्यांनी कधी विचारला नाही.

या मुलाच्या आईवडिलांचं भाग्य.

२० ऑक्टोबर

डब्यांनी जेरीस आणलं आहे. मी लाकडी डब्यात धपाटे दिले, तर तो स्टीलच्या डब्यात गोड रसात शिजवलेले बटाटे घेऊन आला. बटाट्यांवर मी चटणी दिली, चटणीवर त्याने सुकी मासळी दिली. मासळीची फेड कशाने करू? तो थांबत नाही आणि मला थांबता येत नाही. रोहिणीला म्हटलं, तुझ्या त्या तहात आयात-निर्यातीला काही मर्यादा होती का? ती हसून हसून टेबलावर डोकं ठेवून बसली. हिला इतकं हसताना बऱ्याच वर्षांनी बघतोय.

अनुपला फोन केला. पुढच्या रविवारी येतो म्हणाला. "काका, धपाटे असतील ना?" रोहिणीला एवढंच सांगितलं, की चंद्रशेखरकाकाचा मुलगा जेवायला येतोय. तिने माझ्याकडे जरा जास्त वेळ बघितलं.

२६ ऑक्टोबर, शुक्रवार

रोहिणी अर्काइव्हमध्ये होती. मोरिता कसलीशी झेरॉक्स द्यायला दारात आला. त्याचा लाकडी डबा माझ्याकडेच होता आणि घरात द्यायला चमचाभर चटणीही उरली नव्हती. पीठ रविवारसाठी राखून ठेवलेलं. मग प्रभावती अशा वेळी करते तेच केलं. मूठभर साखर घातली, झाकण लावलं, दिला. रिकामा नाही, एवढंच.

त्याने झाकण उचलून आत बघितलं आणि तसाच उभा राहिला. डोळ्यांत पाणी आल्यासारखं वाटलं. मग कमरेत एवढा वाकला, की मला वाटलं काही पडलं की काय. आणि लगेच निघून गेला. बहुतेक साखर महाग असेल त्यांच्याकडे.

२८ ऑक्टोबर, रविवार

सगळं क्रमाने लिहितो.

अनुप दुपारी आला. हसतमुख, मोकळा. त्याच्यापुढे पहिलं धपाटं ठेवलं तोच बेल वाजली. दारात मोरिता. काळा सूट, टाय, केस चापून बसवलेले आणि रेशमी कापडात बांधलेली पेटी. रोहिणीचा चेहरा पांढरा पडला. तो आत आला, माझ्यासमोर जमिनीवर गुडघे टेकून बसला आणि पाठ केलेलं जर्मन बोलायला लागला. मी रोहिणीकडे बघितलं.

"मी नाही भाषांतर करणार," ती म्हणाली. "माझ्याबद्दलचं मीच कसं सांगू?"

राहिला अनुप. त्याने हातातला घास खाली ठेवला. "काका, हे मी सांगावं असं तुम्हाला नक्की वाटतं ना?"

"सांग."

"आल्झो, म्हणजे... तो म्हणतोय, तुम्ही साखर दिलीत, हा त्याचा फार मोठा सन्मान आहे. रोहिणीने त्याला कधीतरी सांगितलं होतं, की आपल्याकडे दोन घरांचं ठरलं की साखर देतात. साखरपुड्याचं. तो आता... म्हणजे, तो रीतसर आभार मानायला आलाय. आणि म्हणतोय, रोहिणीला आयुष्यभर सुखात ठेवीन." अनुपने घसा साफ केला. "जर्मन फार सुंदर बोलला, काका. मला इतकं नीट जमलं नाही."

मी ओरडलोच. "अरे, डबा रिकामा देऊ नये म्हणून घातली होती साखर! मूठभर!"

"मग सांगा त्याला," रोहिणी म्हणाली. तिचा आवाज फुटला होता. "तुम्हीच सांगा, बाबा."

मला जर्मन येत नाही. अनुप धपाट्याकडे बघत राहिला. तो मुलगा तिथे मान झुकवून बसला होता, त्याच्या मोज्याला टाचेशी रफू केलेलं मला दिसलं. शेवटी मी एवढंच म्हटलं, की मला विचार करायला वेळ हवा. ते मात्र अनुपने लगेच सांगितलं.

निघताना अनुप म्हणाला, "काका, मी पप्पांना जूनमध्येच सांगितलं होतं, की मला आत्ता लग्न नको. मी जेवायला आलो होतो." म्हणजे चंद्रशेखरनेही मला सांगितलं नाही.

३१ ऑक्टोबर

रोहिणी सकाळी जाते, संध्याकाळी येते, वरणभात टाकते. भांडत नाही, हेच जास्त लागतं. सपातांचा उलगडा आता होतोय. कपांचाही. वर्षानुवर्षं ट्रक तपासणारा माणूस मी, आणि माझ्या नाकासमोरून अख्खा जावई घरात आला.

राग कशाचा आहे, ते स्वतःशी तरी खरं लिहावं. बुद्ध जयंतीला मी भाषण करतो, सगळी माणसं एक. टाळ्या घेतो. आता वेळ माझ्यावर आली, तर मला आधी काय आठवलं? लोक म्हणतील, आपल्यातला एक मुलगा मिळाला नाही का. लाज वाटली. पण लाजेच्या खाली अजून एक गोष्ट आहे आणि ती जात नाही. ही उद्या जपानला गेली तर? तिची मुलं माझ्याशी कोणत्या भाषेत बोलतील? मी म्हातारा होऊन फोनच्या एका टोकाला हॅलो हॅलो करत बसेन.

२ नोव्हेंबर

प्रभावतीला फोन केला. सगळं सांगितलं, अगदी रागारागाने. तिकडून आश्चर्याचा एक शब्द नाही.

"तुला माहीत होतं," मी म्हटलं.

"दीड वर्षापासून."

"आणि गुडघा?"

"गुडघा बरा आहे हो. मी आले असते तर तुम्ही माझ्याशी बोलत बसला असता आणि त्याच्याशी बोललाच नसता. तुम्हाला कुणी सांगितलेलं पटत नाही, स्वतः बघितलेलं पटतं. म्हणून बघायला पाठवलं." मग जरा थांबून म्हणाली, "अहो, मुलगा आवडला होता ना तुम्हाला? दर फोनवर त्याचंच सांगत होता."

मी फोन ठेवला. मग बराच वेळ खिडकीत उभा राहिलो. रोहिणीच्या तहाची गोष्ट आठवली आणि स्वतःचंच हसू आलं. मी आपला स्वतःला राजदूत समजत होतो. खरं तर बंदर मीच होतो, आणि ही दोघं-तिघं माझ्यापुढे जहाजं लावून बसली होती.

४ नोव्हेंबर, रविवार

रोहिणी रविवारच्या बाजारात भाजी आणायला गेलेली असताना मोरिता आला. आत यायला तयार नव्हता. लाकडी डबा पुढे केला. आत ती साखर, तशीच, दाणाही न हललेली. मोडक्या इंग्रजीत म्हणाला, की ही मला दिलेली नव्हती, मी चुकून घेतली, म्हणून परत करतो. तुम्हाला घरात त्रास झाला, त्याबद्दल माफी.

असा माणूस मी नाक्यावर कधी पाहिला नाही, की चुकून मिळालेलं स्वतः होऊन परत आणून देतो. त्याला हाताला धरून आत घेतलं आणि चहा केला. मग मनात होतं ते विचारलं. तुझ्या वडिलांना माहीत आहे का?

त्याने कप खाली ठेवला. मग कळलं. वडील निवृत्त स्टेशनमास्तर, गाव निईगाताच्या बाजूला. या नवीन वर्षाला घरी गेला तेव्हा त्याने सांगितलं. तेव्हापासून ते त्याच्याशी बोललेले नाहीत. फोन आईच उचलते.

"का पण?" मी विचारलं.

त्यांना वाटतं परदेशी मुलगी टिकणार नाही, तो म्हणाला. आणि गावात लोक काय म्हणतील.

माझं डोकंच फिरलं. माझ्या रोहिणीत कमी काय आहे? जर्मनीत येऊन जर्मनांना त्यांचा इतिहास शिकवणारी मुलगी! गावातले लोक काय म्हणतील म्हणे. एवढा शिकलेला स्टेशनमास्तर, आणि विचार हे असे! हे सगळं मी मराठीत बोललो, बऱ्याच मोठ्याने. मोरिता मान हलवत ऐकत होता. मग माझं मलाच जाणवलं, की गेला आठवडाभर मी या खिडकीत उभा राहून नेमकं तेच म्हणत होतो.

निवृत्त माणसाला राग धरून बसायला भरपूर वेळ असतो, हे मी अनुभवाने सांगतो. त्याला दुसऱ्या निवृत्त माणसानेच उठवायला हवं. म्हटलं, पुढच्या रविवारी इथूनच फोन लावायचा. मी बोलणार.

११ नोव्हेंबर, रविवार

सकाळी मोरिता आला. तिकडे संध्याकाळ. मी नवा शर्ट घातला होता. फोनवर दिसत नाही म्हणून काय झालं? फोन स्पीकरवर टाकला होता. मोरिताच्या आईने घेतला आणि ती वडिलांना बोलवायला गेली. मागे कुठेतरी टीव्ही चालू होता, तो बंद झाला. मग एक खरखरीत आवाज आला, आणि मोरिता खुर्चीत एकदम सरळ झाला.

मोरिता जपानीचं जर्मन करणार आणि जर्मनचं मराठी करायला घरात एकच माणूस. रोहिणी माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं, बस. ती बसली.

मी आधी हवापाणी विचारलं. तिकडे गारठा पडायला लागलाय. मग रेल्वेचं विचारलं. आवाज जरा मोकळा झाला. ते म्हणाले, त्यांच्या स्टेशनात गाडी कधी उशिरा आली नाही. मी म्हटलं, आमच्याकडे गाडी वेळेवर आली की लोक कालची समजतात. हे दोन भाषांतून जाऊन तिकडे पोचायला थोडा वेळ लागला, पण पोचलं. ते खोकल्यासारखं हसले. मोरिताने डोळे मिटून घेतले.

मग मी मुद्द्यावर आलो. म्हटलं, मास्तर, तुमच्या मुलाला मी दीड महिना बघतोय. चुकून मिळालेलं परत आणून देणारा मुलगा आहे. हा तुम्ही घडवलात. अशा मुलाशी तुम्ही बोलत नाही, तर तुम्ही स्वतःचंच काम वाया घालवताय. मुलं लांब जातील, मलाही ती भीती आहे. तुम्हाला आहे तेवढीच. पण आपण दोघांनी तोंड फिरवलं तर ती जवळ येतील असं थोडंच आहे?

रोहिणी वाक्यावाक्याला थांबत सांगत होती. तिचा आवाज बारीक होत गेला.

मग त्यांनी एक छोटासा प्रश्न विचारला. मोरिताने तो जर्मनमध्ये सांगितला. रोहिणीने तोंड उघडलं आणि थांबली.

"काय म्हणतात?" मी विचारलं.

ती नखाने टेबल खरवडत होती. "ते विचारतायत..."

"अगं बोल ना."

"विचारतायत, तुम्ही स्वतः या लग्नाला हो म्हणालात का?"

तिने हे विचारताना माझ्याकडे बघितलं नाही. पोरीला हा प्रश्न दीड वर्ष स्वतःच्या तोंडाने विचारता आला नव्हता. आज दुसऱ्याचा म्हणून तो विचारावा लागला. आणि मी तिला अजून काहीच म्हणालो नव्हतो. इतके दिवस चहा केला, डबे घासले, हा फोन लावला, पण तो एक शब्द काही तोंडातून निघाला नव्हता.

"हो," मी म्हटलं. "सांग त्यांना. हो म्हणालो."

ती सांगू शकली नाही. दोन्ही हातांनी तोंड झाकून बसली. मोरिताला तेवढं मराठी येत होतं. त्याने ते तिकडे सांगितलं.